खानापूरच्या पावसात छपराचं आयुष्य: चार छपरांच्या दुरुस्तीच्या नोंदी

घर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटी रस्त्यालगतच्या खेड्यात आहे. एकाच घरावर चार तऱ्हेची छपरं: मूळ घरावर मंगळुरी कौलं, पुढच्या पडवीवर सिमेंटचे पत्रे, बाजूच्या खोलीवर स्लॅब आणि मागे गोठ्यावर जस्ती पत्रा. चारही गळायला लागली, म्हणून २०२५ साली एकदमच काम काढलं. आमच्या भागात बऱ्याच घरांची हीच अवस्था आहे, म्हणून या नोंदी तपशिलात ठेवल्या आहेत. पैसे आणि वेळ कुठे वाया गेला तेही लिहिलं आहे.

९ फेब्रुवारी २०२५

सुरुवातीला वयं काढली. माजघराच्या तुळईवर सुताराने कोरलेलं साल आहे, शके १८७६, म्हणजे १९५४. तेव्हा वर नळे, म्हणजे अर्धगोल देशी कौलं होती. आप्पांच्या वहीप्रमाणे १९७१ ला नळे उतरवून मंगळुरी कौलं घातली. कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या लाकडी पट्ट्या, म्हणजे रिपा, १९९८ ला बदलल्या. पडवीचे सिमेंट पत्रे १९८८ चे, स्लॅब २००२ चा, गोठ्याचा पत्रा २०११ चा.

तुमच्याकडे अशी वही नसेल तर कौलामागच्या छापावरून वय काढायला जाऊ नका. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ ला कौलांचा पहिला कारखाना काढला आणि नंतर तिथे बरेच कारखाने झाले. काही जुन्या कौलांवर छापलेलं साल कारखाना सुरू झाल्याचं असतं. ते वाचून कौल दीडशे वर्षांचं समजणारे लोक मी पाहिले आहेत.

पावसाचा हिशेबही आधीच करावा. बेळगाव शहरात वर्षाला साधारण १२००-१३०० मिलिमीटर पडतो, घाटमाथ्यावरच्या कणकुंबीकडे तो तिपटीच्या घरात जातो. आम्ही या दोहोंच्या मध्ये आहोत. त्यामुळे बेळगावात वीस वर्षं टिकलेला पत्रा आमच्याकडेही वीस वर्षं टिकेल असं धरून चालत नाही.

१६ फेब्रुवारी

पूर्वेचं पाखं, म्हणजे छपराची पूर्वेकडची उतरती बाजू, उघडलं. कौलं खाली घ्यायला चार माणसांची साखळी केली. रचताना कौलं आडवी एकावर एक ठेवायची नाहीत, भिंतीला टेकवून उभी लावायची. आडव्या थप्पीत खालची तडकतात.

उघडल्यावर जे दिसलं त्यावरून पुढचं सगळं काम ठरलं. ५४ वर्षांच्या कौलांतली चारातली तीन ठणठणीत होती. २७ वर्षांच्या रिपा मात्र हातात घेतल्या की भुसा होत होत्या. १९९८ ला स्वस्त म्हणून सिल्व्हर ओकच्या रिपा घातल्या होत्या, त्या किड्याने आतून पोखरल्या. रिप खचली की कौल अर्धा इंच खाली बसतं, शेजारच्या कौलाची खाच सुटते आणि तिथून पाणी आत येतं. आम्ही दरवर्षी कौलं फुटली समजून कौलंच बदलत होतो.

सुतारमेस्त्री वरून म्हणाले, "कौल काय मरत न्हाई वो, रिपा मरतात. तुम्ही कौलाचं वय काय विचारताय?"

ही गोष्ट मला पुढे चारही छपरांवर दिसली. वर दिसणारा माल शेवटी जातो, त्याला धरून ठेवणारी वस्तू आधी जाते. दुकानात सांगतात ते आयुष्य मालाचं असतं. खर्चाचा अंदाज त्या धरून ठेवणाऱ्या वस्तूवर बांधायला हवा.

२३ फेब्रुवारी

उतरवलेली कौलं तपासली. दोन परीक्षा घेतल्या.

पहिली आवाजाची. कौल एका हातात सैल धरून बोटाच्या पेराने टकटक केलं की चांगलं कौल खणखणतं. बद्द आवाज आला तर आत तडा आहे, नाहीतर कौल कच्चं भाजलेलं आहे.

दुसरी पाण्याची. संशयातली कौलं उन्हात चांगली वाळवून वजन केली, चोवीस तास पिंपात बुडवून ठेवली आणि पुसून परत वजन केलं. चांगलं कौल २.४ किलोचं २.८ वर गेलं, म्हणजे साधारण १७ टक्के पाणी प्यायलं. काही कौलं २.३ वरून २.८५ वर गेली, म्हणजे जवळजवळ २४ टक्के. वीस टक्क्यांच्या वर पाणी पिणारी सगळी बाजूला काढली. ती लगेच गळतात असं नाही, पण ओली होऊन जड होतात आणि चार महिने रिपांना ओलं ठेवतात. शेवाळही त्यांच्यावरच धरतं.

शेवाळ काढायला तारेचा ब्रश वापरला तर कौलाची वरची गुळगुळीत कातडी निघून जाते. एका मजुराने वीसेक कौलं तशी घासली, ती आता खडबडीत झाली आहेत. काथ्याच्या ब्रशने आणि नुसत्या पाण्याने काम होतं.

५ मार्च

लाकडाची खरेदी. एका पाख्याला १७ ओळी, लांबी ४० फूट, अशी दोन पाखी, म्हणजे १३६० फूट रिप. दोन इंच बाय एक इंच मापाने १९ घनफुटांच्या आसपास लाकूड झालं. खानापूरच्या सॉ मिलमध्ये मत्ती (ऐनाचं लाकूड) १४०० रुपये घनफुटाने मिळाली. सिल्व्हर ओक याच्या निम्म्याने मिळत होता, पण २७ वर्षांनी परत सगळी कौलं उतरवायची मजुरी धरली तर तो महाग पडतो. आपल्या रानात झाडं उभी असली तरी तोडायला वनखात्याची परवानगी लागते आणि तिला वेळ जातो. तो रस्ता धरणार असाल तर आदल्या वर्षीच अर्ज करा.

वासे मूळचे, नाणा आणि मत्ती या लाकडांचे, १९५४ चे. मधला भाग इतका कठीण की खिळा वाकतो. फक्त वळचणीकडची टोकं हात-दीड हात कुजलेली. पागोळ्यांचं पाणी उलटं फिरून टोकावर येतं, म्हणून तिथेच कुजतं. पूर्ण वासा काढला नाही. कुजलेलं टोक कापलं, शेजारी तीन फुटांचा नवा तुकडा जोडून दोन बोल्ट आरपार घातले. कापलेल्या तोंडांना डांबर फासलं. वासा बदलायला जेवढा खर्च आला असता त्याच्या पाचव्या हिश्श्यात काम झालं.

१६ मार्च

कमी पडणारी कौलं जुनीच घ्यायची ठरवली होती. बेळगावच्या शहापुरात पाडलेल्या एका वाड्याची ६०० कौलं १२ रुपयांनी मिळाली, टेम्पोचं भाडं ३५०० वेगळं. कौलं उत्तम, आवाज खणखणीत. वर नेऊन लावायला गेलो तर आमच्या कौलात ती बसेनात. साचा वेगळा. लांबीत बोटभर फरक आणि बाजूची खाच उथळ. दोन साच्यांची कौलं एका ओळीत लावली की जोडावर फट राहतेच, वर कितीही दाबा.

दिवस फुकट गेला. मेस्त्रींनी तोडगा काढला: शहापूरची सगळी कौलं पश्चिमेच्या पाख्याच्या उत्तर टोकाला, मधली भिंत वर येते तिथून पुढे लावायची, आणि तेवढ्या भागात रिपांचं अंतर त्यांच्या मापाने ठेवायचं. आमच्या कौलांना पावणेतेरा इंच लागतं, त्यांना सव्वातेरा ठेवलं. तिथे रिपा ठोकल्या होत्या त्या उपटून परत ठोकाव्या लागल्या.

जुनी कौलं घ्यायला जाताना घरचं एक कौल पिशवीतून बरोबर न्या आणि तिथेच दोन्ही जोडून बघा.

२८ मार्च

पाडव्याआधी दोन्ही पाखी झाली. उतार फुटाला आठ इंच आहे, तो मूळचाच आणि आमच्या पावसाला योग्य. वळचणीच्या खालच्या दोन ओळी आणि दोन्ही बाजूंची कड तांब्याच्या तारेने रिपांना बांधली. वारा आधी कडेची कौलं उचलतो. लोखंडी बाइंडिंग तार स्वस्त पडते, पण दोन-तीन पावसाळ्यांत तुटते. वानरांचा उपद्रव असेल तर आढ्याजवळच्या ओळीही बांधा. ती आढ्यावर उतरतात आणि तिथूनच उड्या मारतात.

उजेडासाठी पूर्वी फायबरची अर्धपारदर्शक शीट घातली होती. ती सहा वर्षांत पिवळी पडून तडकली होती. आता सहा काचेची कौलं घातली. साच्यात बसतात, आणि काचेला ऊन लागून काही होत नाही.

६ एप्रिल

आढ्यावर दोन पाखी मिळतात तिथली टोपीसारखी कौलं, म्हणजे कोने, बसवताना गवंड्याने एकास तीनचा सिमेंट माल वापरला. "घट्ट होतं" म्हणाला. उन्हात काही दिवसांतच प्रत्येक जोडावर केसभर तडे दिसायला लागले. घट्ट माल सुकताना आकसतो, खाली लाकूड हलतं, वर ऊन आणि वारा. माल हलत नाही, म्हणून तडकतो. ओघळ नेमका तिथून आत येऊन आढ्याचं लाकूड कुजवतो.

सगळे कोने काढले, चिकटलेला माल छिन्नीने खरवडला. पाच कोने त्यात फुटले. नंतर एक सिमेंट, एक चुना, सहा वाळू या मापाने माल केला, कोने आधी पाण्यात बुडवून घेतले आणि तीन दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवले. तडे आले नाहीत. परत मजुरी, माल आणि नवे कोने मिळून ४५०० रुपये गेले.

हा मालही १२-१५ वर्षांनी सुटणार आहे. तेव्हा फक्त कोने उचलून परत बसवायचे, कौलांना हात लावायचा नाही.

१९ एप्रिल

पडवीचे सिमेंट पत्रे उतरवले. ३७ वर्षं झाली. लांबून ठीक दिसत होते. जवळून पाहिलं तर वरचा सिमेंटचा थर झिजून राखाडी लव दिसत होती. ती लव ॲस्बेस्टॉसची आहे. त्याची धूळ फुप्फुसात गेली की वर्षानुवर्षांनी कॅन्सर होऊ शकतो, आणि जागतिक आरोग्य संघटना ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार कॅन्सरकारक मानते. आमच्याकडे हे पत्रे हातोड्याने फोडून पायात भर म्हणून टाकतात. कृपा करून असं करू नका.

आम्ही काय केलं ते सांगतो. पंपाने पत्रे भिजवले. हूकबोल्टचे नट गंजून धरले होते, ते ग्राइंडरने न कापता बोल्टच पाण्याचे शिंतोडे मारत हॅक्सॉने कापले, पत्र्याला पातं लागू दिलं नाही. पत्रे अख्खे खाली घेतले, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बांधले, आणि पोरांचा, जनावरांचा वावर नाही अशा जागी ठेवले. सगळ्यांनी गाळणीचा मास्क लावला, नुसता रुमाल नाही. अंगावरचे कपडे वेगळे धुतले. पत्र्यावर पाय देऊन चढायचं नाही, खाली वासा आहे तिथे फळी टाकून फळीवरून चालायचं. असे जुने पत्रे पायाखाली फुटून माणूस खाली पडल्याचं जवळपास प्रत्येक गावात ऐकायला मिळेल.

सहा पत्रे बोल्टच्या भोकापासून चिरलेले होते. भोक बोल्टच्या मापाचंच पाडलेलं, पत्र्याला उन्हात फुगायला जागा नव्हती. भोकाभोवतीचं डांबरी वॉशर तर कधीच वितळून गेलं होतं. इथेही धरून ठेवणारी वस्तूच आधी गेली.

पडवीवर कौलं का घालत नाही असं आईने विचारलं. उतार फुटाला चारच इंच आहे. एवढ्या कमी उतारावर वाऱ्याचा पाऊस कौलाच्या जोडातून वर चढतो. उतार वाढवायचा तर पडवीची उंची डोक्याला लागेल इतकी खाली येते. म्हणून तिथे पत्राच.

२ मे

स्लॅब. २३ वर्षांचा, आणि चारही छपरांत सगळ्यात वाईट अवस्था याचीच. खालून पोपडे सुटून सळ्या उघड्या पडल्या होत्या. सळई गंजली की फुगते आणि सिमेंटला ढकलून पाडते. मूळ कारण वर सापडलं. स्लॅबला उतारच नाही. पाइप टाकून पाणी सोडलं तर मधोमध दोन बोटं पाणी साचलं आणि दुसऱ्या दिवशीही तिथेच होतं.

२०१९ ला यावर वॉटरप्रूफिंगचा ॲक्रिलिक रंग दिला होता, तीन पावसाळे टिकला. साचलेल्या पाण्याखाली असला रंग टिकत नाही, फुगे धरून सुटतो. आता परत तोच रंग देण्यात अर्थ नव्हता. नवा कोबा घालून उतार द्यावा तर आधीच कमजोर झालेल्या स्लॅबवर वजन वाढतं.

खालून सैल भाग ठोकून काढला, सळ्या तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासल्या, गंजरोधक लावला आणि पॉलिमर मिसळलेल्या मालाने भरून घेतलं. १४,००० रुपये. वर लोखंडी कैच्यांवर (त्रिकोणी सांगाड्यांवर) पत्र्याचं छप्पर घ्यायचं ठरवलं. बेळगावपासून चंदगडपर्यंत लोक स्लॅबवर पत्रा का घालतात ते यामुळे कळतं. इथल्या पावसात सपाट छप्पर कोरडं ठेवणं फार कठीण आहे.

१३ मे

पत्र्याची खरेदी. साधा जस्ती पत्रा, की ॲल्युमिनियम-झिंकच्या मुलाम्याचा रंगीत पत्रा? दुसरा घेतला, पडवी आणि स्लॅब मिळून ९०० चौरस फूट, ५८ रुपयांनी.

दुकानदार "पॉइंट पाच" म्हणतो तेव्हा विचारा: मुलामा आणि रंग धरून, की नुसतं पोलाद? ओळखीच्या टर्नरकडून मायक्रोमीटर नेला होता. पहिल्या दुकानातला "पॉइंट पाच" ०.४५ भरला. तिथून निघालो. जाडीइतकाच मुलामा महत्त्वाचा आहे. दर चौरस मीटरला १५० ग्रॅमचा मुलामा मागा आणि बिलावर लिहून घ्या. पातळ मुलाम्याचा पत्रा दिसायला हुबेहूब तसाच असतो, फरक आठ-दहा वर्षांनी कळतो.

स्क्रूचंही तेच. पत्र्याबरोबर फुकट मिळालेले स्क्रू परत दिले. जाड मुलाम्याचे आणि चांगल्या रबरी वॉशरचे वेगळे विकत घेतले. पंचवीस-तीस वर्षांच्या पत्र्याला पाच वर्षांचा स्क्रू लावायचा नाही.

२१ मे

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फॅब्रिकेशनवाल्याने कैच्या उशिरा दिल्या. वळीव नेहमीचाच, तेवढ्याची तयारी होती. पण कालपासून पडतोय तो वळवासारखा नाही. तास-दीड तासात थांबत नाही. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यापाशी कमी दाबाचं क्षेत्र तयार होत असल्याचं बातम्यांत सांगताहेत. पडवी उघडी आहे. वेल्डिंग बंद.

पत्र्यांची थप्पी अंगणात सपाट ठेवली होती. ताडपत्री बाजूने उडाली आणि पाणी पत्र्यांच्या मध्ये शिरलं. दोन पत्र्यांत पाणी अडकून राहिलं की मुलाम्यावर पांढरट-काळपट डाग पडतात आणि तिथला मुलामा कमजोर होतो. बायल्होंगल भागातून आलेली पोरं "मळी बंतु, मळी बंतु" (कन्नडमध्ये 'पाऊस आला') म्हणत धावली आणि त्याच पावसात एकेक पत्रा उचलून पडवीच्या भिंतीला उभा केला. पुसून, मध्ये बांबूच्या कामट्या घालून, एका बाजूला उतरती थप्पी रचली. चार पत्र्यांवर डाग पडले, ते आता मागच्या बाजूला वापरू.

२५ मे

मान्सून काल केरळात आल्याचं जाहीर झालं. २००९ नंतर एवढ्या लवकर आला नव्हता. आज कर्नाटकातही पुढे सरकला. आज रोहिणी लागते. आमच्याकडे घर शाकारायची मुदत मृग, म्हणजे ७-८ जून. तीच धरून बसलो होतो. यापुढे कोणी विचारलं तर छप्पर उघडायचं काम अक्षय्य तृतीयेपर्यंत संपवा असंच सांगेन.

ताडपत्र्यांना ५००० गेले. पडवीत ठेवलेली भाताची दोन पोती भिजली. कौलाखालचं घर मात्र आतून कोरडं आहे.

४ जून

उघडीप मिळाली तशी कैच्या चढल्या, पत्रे चढले. आणि चढल्याच्या पुढच्याच पावसानंतर नव्या निळ्या पत्र्यावर तांबूस ठिपके. ते पत्र्याचे नव्हते. फॅब्रिकेशनच्या पोरांनी पत्रे छपरावरच ग्राइंडरने कापले होते. तापलेल्या लोखंडाच्या ठिणग्या रंगात रुतल्या आणि गंजल्या. शिवाय ग्राइंडरने कापलेल्या कडेचा मुलामा जळून जातो आणि गंज तिथून आत सरकत जातो.

नायलॉनच्या ब्रशने आणि साबणाच्या पाण्याने ठिपके काढले. रुतलेले होते तिथे त्याच छटेचा रंग ब्रशच्या टोकाने लावला. कडा पन्हळीकडे होत्या, तिथे इंचभर पत्रा कात्रीने पुन्हा कापून घेतला. पुढे सगळं कापकाम जमिनीवर, हाताच्या पत्रा-कात्रीने. वेळ दुप्पट लागला. कंत्राट देताना हे आधीच ठरवा: छपरावर ग्राइंडर नको, आणि भोकं पाडताना पडलेला कीस रोज संध्याकाळी झाडून काढायचा.

स्क्रू किती आवळायचा हे मी शेजारी बसून बघत होतो. रबर थोडं दबून लोखंडी वाटीच्या कडेला आलं की थांबायचं. बाहेर फुगून आलं तर ते रबर दोन उन्हाळ्यांत चिरतं. ड्रिल मशीनचा क्लच सैल केला आणि वाकडे गेलेले स्क्रू परत काढले. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारले, खोलगट भागात नाही, कारण पाणी खोलगट भागातून वाहतं.

भिंतीला पत्रा भिडतो तिथे गवंडी नेहमीप्रमाणे सिमेंटचा माल थापायला निघाला होता. थांबवलं. ओल्या सिमेंटमधला क्षार ॲल्युमिनियम-झिंकचा मुलामा खातो. तिथे भिंतीत खाच पाडून पत्र्याची पट्टी घातली आणि सीलंट भरलं.

१५ जून

गोठा. जस्ती पत्रा १४ वर्षांचा, वरून अजून चकाकतोय. खालून हात फिरवला तर गंजाचे पापुद्रे तळहातावर आले. शेणामुताचा अमोनिया आणि रात्री पत्र्याखाली धरणारा घाम, दोन्ही खालून काम करतात. ॲल्युमिनियम-झिंकचा पत्राही गोठ्यात टिकत नाही. पत्रा विकत घेताना वॉरंटीच्या कागदात जनावरांचे गोठे वगळलेले वाचले होते, तेव्हाच ठरवलं की इथे पत्रा नको.

पाण्याच्या परीक्षेत बाजूला काढलेली, पण न फुटलेली कौलं गोठ्यावर चढवली. अमोनियाने कौलाला काही होत नाही, फटींतून वाफ निघून जाते आणि म्हशींना गारवाही राहतो. थोडं ठिबकलं तर गोठ्यात चालतं. लोखंडी पाइप न घालता उरलेल्या रिपा आणि वेळूचे वासे वापरले.

२७ जुलै

जुलै कोसळला. आता खरी परीक्षा झाली आहे.

मूळ घर: एकाच जागी ओल. शहापूरची कौलं आणि आमची कौलं जिथे मिळतात तिथे. जोडाखाली पत्र्याची पन्हळ सरकवली, थांबलं. पडवी कोरडी. स्लॅबच्या छताला बुरशीचा वास येत नाही. गोठ्यात दोन जागी ठिबकतंय.

पन्हळी कमी पडल्या. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमचं कौलारू छप्परच शंभर चौरस मीटरच्या वर आहे. दिवसाला शंभर मिलिमीटर पडला तर दहा हजार लिटर, आणि त्यातला बराचसा तासाभरात येतो. चार इंची पाइप भरून पन्हळ वाहत होती. वळचणीचं पाणी भिंतीवर उडून मातीचा गिलावा सुटायला लागला. दोन्ही बाजूंना एकेक जादा पाइप बसवला.

१७ ऑगस्ट

एकूण खर्च तीन लाखांच्या आतबाहेर. त्यातला निम्म्याहून जास्त पत्रा आणि लोखंडाचा, आणि ते छप्पर क्षेत्रफळाने कौलांपेक्षा लहान आहे.

आमच्या पावसात मी आता असं धरतो. मंगळुरी कौल साठ ते शंभर वर्षं. चांगल्या लाकडाच्या रिपा तीस-चाळीस, हलक्या लाकडाच्या पंचवीसच्या आत. कोन्यांचा माल बारा-पंधरा. ॲल्युमिनियम-झिंकचा पत्रा पंचवीस ते पस्तीस, पण त्याच्या स्क्रूचं रबर दहा-पंधरा. साधा जस्ती पत्रा दहा-पंधरा, गोठ्यावर त्याहून कमी. फायबरची शीट पाच ते आठ. स्लॅब पन्नासच्या पुढे जातो, उतार असेल आणि दर पाच-सात वर्षांनी वरचा थर नव्याने केला तर. जुने नळेही पिढ्यानपिढ्या टिकायचे, पण ते दर उन्हाळ्यात परतावे, म्हणजे उतरवून पुन्हा रचावे लागत, आणि परतणारी माणसं आता गावात राहिली नाहीत. गवताचं छप्पर कणकुंबीकडे दर एक-दोन वर्षांनी नवं करावं लागतं.

बजेट अजिबातच कमी असेल तर पैसे या क्रमाने घाला: आधी रिपा आणि वाशांची टोकं, मग कोने, मग पन्हळी. कौलं शेवटी. पत्र्याचं घर असेल तर सगळ्यात आधी स्क्रू.

वहीत पुढच्या तारखा टाकल्या आहेत. दरवर्षी एप्रिलमध्ये पन्हळी साफ आणि शिडी लावून कोन्यांची पाहणी. २०२८ ला लोखंडी कैच्यांना परत रंग. २०३५ ला पत्र्याचे सगळे स्क्रू बदलायचे. त्याच मापाचे नाही, एक नंबर जाड, म्हणजे जुन्या भोकात घट्ट बसतात. प्रत्येक साच्याची पन्नास कौलं गोठ्यामागे उभी रचून ठेवली आहेत, कुठल्या थप्पीचं कौल कुठल्या पाख्याला लागतं ते भिंतीवर खडूने लिहिलं होतं, ते पावसाने पुसलं. उद्या रंगाने लिहायचं आहे.